पोप नसलेले आठ दिवस

मे महिना लागला की आमच्या वाडीत उकडलेल्या चण्यांचा वास सुटतो. पूर्वी या वासाने भूक खवळायची. आता ढवळतं. बायको म्हणते, वय झालं, ॲसिडिटी आहे, रिकाम्या पोटी चहा बंद कर. तिचं खरं असेलही. पण ही ॲसिडिटी फक्त क्रूसासमोर उभं राहिल्यावर कशी होते, आणि तीही नेमकी शेवटून दुसऱ्या प्रार्थनेला, हे कुठल्या डॉक्टरला विचारावं ते मला कळत नाही.

गिरगावात अजून ख्रिस्ती घरं उरलेल्या ज्या मोजक्या वाड्या आहेत, त्यातली एक आमची. वाडीच्या तोंडाशी चौथऱ्यावर माणसाच्या उंचीचा लाकडी क्रूस आहे. प्लेगच्या दिवसांत आमच्या पणजोबांच्या पिढीने तो उभा केला असं सांगतात. वर्षभर त्याच्या पायाशी स्कूटरी लागतात आणि त्याच्या हातावर कावळे बसतात. एप्रिल संपता संपता मात्र कोणीतरी बादलीभर चुना कालवतं, चौथरा पांढरा होतो, लाकडाला तेल लागतं, मोगऱ्याचा हार चढतो, आणि पुढे महिनाभर रोज संध्याकाळी साडेसातला तिथे लदीन म्हणतात. लदीन म्हणजे मारियेची नामावली. एकाने तिची बिरुदं एकेक करून गायची आणि बाकीच्यांनी मागून ‘ओरा प्रो नोबिस’ म्हणायचं, म्हणजे आमच्यासाठी विनंती कर. सगळं लॅटिनमध्ये. वाडीत लॅटिन कोणालाच येत नाही, कधी येतही नव्हतं. आजोबांनी ते एका लांब वहीत देवनागरीत उतरवून ठेवलंय आणि आम्ही तीन पिढ्या ते डोळे मिटून म्हणतोय. शेजारच्या परुळेकर वहिनी मालवणकडच्या, लग्न होऊन वाडीत आल्या त्याला चाळीस वर्षं झाली. त्यांचं ‘ओरा प्रो नोबिस’ आमच्या मुलांपेक्षा स्वच्छ. ‘आरतीसारखंच हां,’ त्या नव्या सुनांना समजावतात, ‘फक्त टाळ्या नाहीत, आणि प्रसादाला चणे.’

लदीन दोन आवाजांत गायची असते. वरचा आवाज चाल सांगतो, खालचा तिला बसायला पाट देतो. बाबा गेल्यापासून वरचा आवाज माझ्याकडे आला. गुणांमुळे नाही, मी थोरला म्हणून. माझा आवाज ओल्या फळ्यावर खडू ओढल्यासारखा आहे. तो इतकी वर्षं लोकांनी सहन केला तो माझ्या धाकट्या भावाच्या, सायमनच्या खालच्या आवाजामुळे. सायमन गायला लागला की मीही गातोय असं वाटायचं. आई पहिल्या खुर्चीत बसायची, तिचं उजवं बोट खुर्चीच्या हातावर हलायचं आणि दुसरा आवाज जिथे उचलायचा तिथे ते जरासं वर व्हायचं. त्या बोटाकडे बघूनच सायमन शिकला. मी बघायचो चण्यांच्या पातेल्याकडे.

नामावली संपली की तीन छोट्या प्रार्थना. पहिली वाडीतल्या आजाऱ्यांसाठी. दुसरी पोपसाहेबांच्या हेतूसाठी. तिसरी मेलेल्यांसाठी, नावं घेऊन. पोपसाहेबांसाठी एक ‘आमच्या बापा’ आणि एक ‘नमो मारिया’, मिनिटभराचं काम. छापील पुस्तकात त्यांना परमगुरुस्वामी म्हणतात, वाडीत पोप. मी लहानपणापासून हजारो वेळा ही प्रार्थना म्हटली असेल, आणि शपथेवर सांगतो, ती म्हणताना एकदाही पोप माझ्या मनात आले नाहीत. मेलेल्यांच्या आधीची ती, म्हणजे चणे जवळ आले, एवढीच माझी तिच्याशी ओळख.

या एका मिनिटावर आमचं घर फुटलं.

सायमन बिघडला तो लॉकडाऊनमध्ये, असं मी म्हणतो. तो म्हणतो, तेव्हा त्याचे डोळे उघडले. देवळं बंद होती, मोबाइल चालू होते. त्याला जुनी लॅटिन मिस्सा, म्हणजे देवळातली मुख्य उपासना, सापडली. फादर लोकांकडे पाठ करून वेदीकडे बघतायत, धूप, शांतता. सुरुवातीला त्याचं बोलणं मलाही पटायचं. आमच्या देवळातली गिटार मलाही सोसत नाही, आणि मिस्सा संपताना वाढदिवसाचं गाणं म्हणून टाळ्या पिटतात तेव्हा मीही छताकडे बघतो. पण सायमन छताकडे बघून थांबला नाही. शीवला एका लग्नाच्या हॉलच्या माडीवर महिन्यातून एकदा बाहेरून एक फादर यायचे, बिशपना न विचारता मिस्सा करायचे. तिथे तो जायला लागला. त्या लोकांचं म्हणणं, आम्ही पोपना मानतो, फक्त त्यांचं ऐकत नाही. मी म्हटलं, यात नवीन काय, आमच्या घरात बाबांचं असंच होतं.

वर्षभरात तेही त्याला सौम्य वाटायला लागले. त्यांच्यातून आणखी कडक असे दहा-बारा जण फुटले, त्यांच्याबरोबर तो गेला. या मंडळींच्या मते गेल्या कित्येक वर्षांत रोममध्ये खरा पोप झालेलाच नाही. खुर्ची रिकामी आहे, बसलाय तो कोणीतरी पांढरे कपडे घातलेला माणूस. मग त्याच्या नावाने प्रार्थना करणं हे पाप. माझं नाव पायस. आमच्याकडे एके काळी प्रत्येक तिसऱ्या मुलाला हे पोपांचं नाव ठेवायचे. सायमन एकदा जेवताना मला म्हणाला, ‘तुझ्या नावाचे होते ना, ते शेवटचे खरे पोप. आणि तू बघ, हा असा.’

‘हा असा म्हणजे कसा?’

‘कोमट,’ तो म्हणाला आणि कढीकडे हात केला. ‘ती दे.’

कढीसुद्धा कोमटच होती. मी दिली.

त्याने लदीनीला येणं बंद केलं. शिव्या मी त्याला घातल्या, पण खरी घाण तर आमच्याच बाजूला साचली होती. क्रूसाच्या कमिटीत कॉस्मे अंकल म्हणून आहेत, वाडीतले सगळ्यात जुने. त्यांनी चण्यांच्या पाळीच्या यादीतून सायमनचं नाव खोडलं, आणि खोडलं ते असं की खालचं नाव वाचता यावं. आजूबाजूला ‘स्किझम, स्किझम’ म्हणत फिरले. ज्या माणसाने आयुष्यात कधी उपास धरला नाही, त्याच्या तोंडात हा शब्द पानासारखा रंगला. फूट. पंथभेद. परुळेकर वहिनींनी मला विचारलं, ‘पायसभावजी, म्हणजे आपलं मंडळ फुटलं तसंच ना ते? नाक्यावर दोन मांडव झाले होते.’ मी म्हटलं, तसंच. ‘मग गणपती दोघांकडे आला की,’ त्या म्हणाल्या आणि कोथिंबीर निवडत राहिल्या.

एका आवाजाची लदीन मी ओढत होतो. आईचं बोट हलायचं, नेमक्या जागी वर व्हायचं आणि तसंच राहायचं. खालून कोणी यायचं नाही. मग ते हळूच खाली टेकायचं. मी डोळे मिटून गायला लागलो, भक्तीने नाही.

मग मागच्या वर्षी ईस्टर झाला आणि दुसऱ्याच दिवशी पोप वारले.

माझ्या मनात काय आलं ते सांगायची लाज वाटते. कार्डिनल जमतील, नवे निवडतील, तोवर खुर्ची रिकामी, हे सगळं आलंच. पण सगळ्यात आधी आलं ते असं, की आता मे महिन्यात दुसरी प्रार्थना कोणासाठी? फादरना विचारलं. ते म्हणाले, ‘आत्ता मिस्सेतसुद्धा नाव घेत नाही आम्ही. नवे येईपर्यंत ती गाळा.’ हे मी घरी येऊन आईला सांगितलं. ती वालाच्या शेंगा मोडत होती. हात थांबला.

‘गाळायची?’

‘हो. पोपच नाहीत ना.’

‘मग सायमनला कळव की,’ ती म्हणाली. ‘आता तुम्हा दोघांचं एकमत झालं.’

चौऱ्याऐंशी वर्षांची बाई. चौथीपर्यंत शिकलेली. आमच्या दोघांच्या सगळ्या धर्मशास्त्राचा तिने शेंगा मोडता मोडता निकाल लावला. मी सायमनला फोन केला. तो म्हणाला, ‘कळवतो.’ तिकडे बहुतेक कुणाला तरी विचारायला लागणार होतं, कारण पोपचं न ऐकणारी माणसं स्वतःच्या ग्रुप ॲडमिनचं फार ऐकतात. एक मेला साडेसातला पाच मिनिटं असताना तो आला. पांढरा सदरा, हातात मोगऱ्याची पुडी. माझ्याकडे बघितलं नाही. आईच्या खुर्चीमागे उभा राहिला.

त्या आठ संध्याकाळींतलं मला काय काय आठवतं. ओल्या चुन्याचा वास. कैऱ्यांच्या फोडी गच्चीवर वाळत घातलेल्या, त्यांचा आंबूस वारा. पहिल्या दिवशी सायमन मध्येच अडखळला, कारण तो आता शुद्ध लॅटिन शिकला होता आणि आजोबांच्या वहीतलं त्याला टोचत होतं. आईने मान न वळवता म्हटलं, ‘मारियेला आजोबांचं कळायचं.’ दुसऱ्या दिवसापासून तो वहीप्रमाणे गायला. आईचं बोट वर जायचं आणि खालून तो भरदार आवाज यायचा, आणि माझा खडू ओल्या फळ्यावरून उठून कुठेतरी तरंगायचा. कॉस्मे अंकल तोंड पाडून उभे, पण ‘ओरा प्रो नोबिस’ त्यांचंही मोठं होत गेलं. चणे वाटताना आम्ही भाऊ एकमेकांशी बोलायचो, ते फक्त चण्यांविषयी. खोबरं कमी, मीठ जास्त. पण बोलायचो.

एक दिवस परुळेकर वहिनी मला जिन्यात थांबवून म्हणाल्या, ‘भावजी, तुमच्या आईंनी नवस केलाय, माहितीये का?’

नवस नव्हे, नोव्हेना. नऊ दिवसांची प्रार्थना. आईने त्यांना विश्वासात घेऊन सांगितलं होतं की कार्डिनलांचं एकमत होऊ नये म्हणून ती रोज माळ म्हणते. निदान मे संपेपर्यंत तरी होऊ नये. पूर्वी म्हणे वर्षं-वर्षं लागायची, हे तिला सायमननेच कधीतरी अभिमानाने सांगितलं होतं. तिचे शब्द वहिनींनी जसेच्या तसे सांगितले: ‘त्यांची जुंपू दे तिकडे. म्हणजे माझ्या पोरांची मिटेल.’

मी जिन्यातच बसलो. जगभरातले करोडो लोक पोप लवकर मिळावा म्हणून गुडघे टेकत होते, आणि गिरगावात एक म्हातारी मारियेला सांगत होती, घाई नको. हे पाप की काय, ते मी फादरना विचारलं नाही. मला हसू आलं आणि लगेच शिसारी आली. आईची नाही. आम्हा दोन पन्नाशीच्या बैलांची. आईला आपली मुलं शेजारी उभी राहावीत यासाठी रोमची खुर्ची रिकामी लागत होती.

आठव्या दिवशी आम्ही जेवायला बसलो होतो. टीव्हीवर सगळे चॅनल सीमेवरच्या लढाईवर होते, त्या दिवसांत दुसरं काही दाखवतच नव्हते. पांढरा धूर निघाल्याची बातमी खालच्या पट्टीत सरकून गेली. बायकोने वाचली, मी वाचली, आईला वाचता आली नाही. ‘काय झालं?’ तिने विचारलं. मी म्हटलं, ‘नवे पोप मिळाले.’

‘इतक्यात?’ ती म्हणाली. आणि मग, आपणच काहीतरी चुकीचं बोललो असं वाटून, कपाळ, छाती, खांद्यांवर क्रूसाची खूण केली.

सकाळी सायमनचा फोन. माझ्या अपेक्षेपेक्षा तो मऊ बोलला. म्हणाला, ‘बाकी सगळं म्हणेन. त्या एका ‘आमच्या बापा’च्या वेळी फक्त नळापर्यंत जाऊन येतो. हात धुतो. कुणाला कळणार नाही.’

वाडीचा नळ क्रूसाच्या पलीकडे, भिंतीपाशी आहे.

आता मी काय म्हणालो ते. ‘नळावर जायचं तर नळावरच राहा,’ असं म्हणालो. आणखीही बोललो. पोपचा अधिकार, आज्ञापालन, संत पेत्र, किल्ल्या, मला जे जे अर्धवट आठवत होतं ते सगळं. कॉस्मे अंकल दारात उभे राहून मान डोलवत होते आणि त्यांच्या मानेने मला चेव येत होता. मला पोपांचा इतका पुळका कधीपासून? आधी सांगितलंच, मी त्या प्रार्थनेत चण्यांचा विचार करतो. मला रोमचं राज्य राखायचं नव्हतं. सायमनला एकदा, फक्त एकदा, माझ्यासमोर हरलेला बघायचं होतं. त्याचा आवाज चांगला होता ना. फोन ठेवला तेव्हा आई आतल्या खोलीच्या दारात होती. संध्याकाळी लदीनीला खुर्ची घालू का म्हटलं, तर म्हणाली, घाल. बसली. बोट हललं नाही.

अधिकार हा मोठा शब्द आहे. सायमनच्या माडीवर आणि आमच्या कमिटीत तो सारखाच वापरतात, पितळी घंटेसारखा. हातात असेपर्यंत वाजवायचा. पोपांना आमची वाडी माहीत नाही. त्यांना कळलं असतं, की त्यांच्या नावाच्या एका मिनिटापायी एक म्हातारी महिनाभर मुकी बसली, तर ते काय म्हणाले असते? मला वाटतं, म्हणाले असते, अरे गाढवांनो, जाऊ दे त्याला नळावर. पण हे मला वाटतं. आणि मला जे वाटतं ते मी त्यांच्या तोंडी घालतो, म्हणजे मीही सायमनच झालो की.

श्रावणात आई गेली. झोपेत.

देवळात मिस्सा होणार, म्हणजे सायमनच्या हिशेबी खोटी मिस्सा, न मानलेल्या पोपच्या नावाची. पेटी वाडीतून निघाली तेव्हा पुढचा डावा कोपरा त्याच्या खांद्यावर होता, उजवा माझ्या. रस्ताभर आमची पावलं जुळली होती. देवळाच्या पायरीशी तो थांबला. मागे बघितलं, आणि परुळेकर वहिनींच्या मुलाला, मंदारला, खुणेने बोलावून आईचा कोपरा त्याच्या खांद्यावर दिला. मंदारने चपला काढल्या, कोपरा घेतला आणि माझ्या शेजारून आत चालत आला. तासभर सायमन समोरच्या फुटपाथवर छत्री धरून उभा होता. मिस्सा संपली, आम्ही बाहेर आलो, त्याने कोपरा परत घेतला. गाडीपर्यंत आमची पावलं पुन्हा जुळली. मंदार चपला शोधत होता. पावसात एक वाहून गेली होती.

इतकी किळस मला आयुष्यात कशाची आली नव्हती. शिवडीच्या दफनभूमीत माती लोटताना मी त्याच्या हाताकडे बघत होतो आणि मनात म्हणत होतो, हा हात आत नव्हता. पुढे कित्येक महिने तो फुटपाथ मी ज्याला त्याला सांगितला. नातेवाईकांना, ऑफिसात, एकदा तर न्हाव्याला. सांगताना दर वेळी छत्री जरा मोठी होत गेली. मात्र तो नळाचा फोन मी कुणाला सांगितला नाही. आज पहिल्यांदा लिहितोय.

मध्यंतरी कळलं की सायमनची ती दहा-बारा माणसंही फुटली. बिशप कोणाचा खरा, यावरून. आता माडीही नाही, कुणाच्या तरी हॉलमध्ये चार घरं बसतात. कॉस्मे अंकलनी ही बातमी पेढे वाटावे तशी आणली. मला क्षणभर गोड लागली, हेही लिहून ठेवतो.

आणि आता पुन्हा मे. पुन्हा चुना, मोगरा, आणि गॅसवर आमचे चणे, कारण दुसऱ्या शनिवारी पाळी आमची. आईनंतरची पहिली. परुळेकर वहिनी खोबरं खवत बसल्या होत्या. साडेसातला मी वही उघडली. आईची खुर्ची सवयीने कुणीतरी मांडली होती, त्यावर कोणी बसलं नव्हतं. तिसऱ्या बिरुदाला खालून आवाज आला.

सायमन परुळेकरांच्या दाराला टेकून उभा होता. कधी आला, कोणी बोलावलं, माहीत नाही. वहिनी खोबऱ्याकडे बघत होत्या, म्हणजे त्यांनीच. त्याचा आवाज जरा घसरलाय, वयाने की शीवच्या धुपाने. पण पाट तोच. मी नामावली संपवली. आजाऱ्यांची प्रार्थना झाली. मग मी थांबलो. सगळे माझ्याकडे बघत होते, कॉस्मे अंकल तर फारच. मी म्हटलं, ‘पोपसाहेबांच्या हेतूसाठी.’ आणि सायमनकडे बघून मान नळाच्या दिशेने हलवली.

तो गेला. नळ सोडला, हात धुतले, तोंडावर पाणी मारलं. आम्ही आमचा एक बाप म्हटला. मला या वेळीही पोप आठवले नाहीत. तो बाह्या खाली करत परत आला, मेलेल्यांची नावं सुरू झाली होती. आईचं नाव मी घेतलं, आणि त्याने खालचा आवाज लावला.

नंतर चणे खाताना म्हणाला, ‘मीठ जास्त झालंय.’

‘आई गेल्यापासून असंच होतं,’ मी म्हटलं.

त्याने पुडी संपवली, कागद खिशात घातला आणि निघाला. वाडी रिकामी झाली तेव्हा कळलं की नळ त्याने नीट बंद केला नव्हता. टपकत होता. बंद करायला मी चौथऱ्यापासून निघालो आणि जाता जाता पावलं मोजली.

नऊ भरली.